अपंगत्वाचा विमा दावा नाकारला, तर पुढे काय?

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले. तो टेम्पोचालक, वय छत्तीस. पावणेदोन वर्षांपूर्वी मोटारसायकल घसरून उजव्या खांद्यावर आपटला होता. हाड जुळले, जखम भरली, पण मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा ओढला जाऊन तुटला होता. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात लोंबकळत राहिला. त्याने वैयक्तिक अपघात विमा काढलेला होता. दावा केला, तो नाकारला गेला. नकाराचे पत्र इंग्रजीत होते. ते दहा महिने प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी पडून होते.

त्याच्या पत्नीने पत्राला जोडलेली एक झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, ही सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. अपघातानंतर पाच महिन्यांनी तो म्हणाला होता, "मालक गोडाऊनमध्ये बसून नोंदी करायचं काम देतोय, दाखला पाहिजे." मी एका ओळीचा दाखला दिला होता: 'हलके काम करण्यास योग्य.' कंपनीने नकारात दोन कारणे दिली होती. एक, हात शरीरापासून वेगळा झालेला नाही. दोन, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच रुग्ण कामासाठी योग्य असल्याचे लिहून दिले आहे.

त्या दिवसापासून मी असे दाखले लिहिण्याची पद्धत बदलली. या लेखात तेच सांगायचे आहे. अपंगत्वाचा दावा नाकारला जातो तेव्हा बहुतेक वेळा आजाराचे नाव वादात नसते. 'या माणसाला आता नेमके काय करता येत नाही आणि ते कायमचे आहे का' हे कागदावर नीट आलेले नसते. ते नंतरही नीट मांडता येते. त्यासाठी मुदती पाळाव्या लागतात आणि डॉक्टरांची मदत घ्यावी लागते.

तुमच्याकडे नेमका कोणता विमा आहे?

आपल्याकडे अपंगत्वाची भरपाई देणारे विमे अनेक प्रकारचे असतात. एकाच घरात दोन-तीन असतात आणि घरच्यांना एकाचीच माहिती असते. म्हणून आधी शोध घ्या.

वैयक्तिक अपघात विमा. स्वतः काढलेला, किंवा नोकरीच्या ठिकाणी सगळ्या कामगारांसाठी घेतलेला गटविमा. यात साधारण तीन प्रकारची भरपाई असते: कायमचे संपूर्ण अपंगत्व, कायमचे अंशतः अपंगत्व आणि काही पॉलिसींमध्ये तात्पुरते संपूर्ण अपंगत्व. तिसऱ्या प्रकारात कामावर जाता येत नाही तितके आठवडे ठरावीक रक्कम मिळते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. बँक खात्यातून दरवर्षी २० रुपये कापले जातात, ती ही योजना. वय १८ ते ७०. अपघातात दोन्ही डोळ्यांची दृष्टी, किंवा दोन्ही हातांचा अथवा दोन्ही पायांचा वापर, किंवा एका डोळ्याची दृष्टी आणि एका हाताचा अथवा पायाचा वापर कायमचा गेला तर २ लाख रुपये. एका डोळ्याची दृष्टी किंवा एका हाताचा अथवा पायाचा वापर कायमचा गेला तर १ लाख रुपये. दावा बँकेच्या शाखेत करायचा असतो.

दुचाकी किंवा चारचाकीच्या विम्यातील मालक-चालक संरक्षण. गाडीच्या मालकाकडे वैध लायसन्स असेल आणि तो स्वतः गाडी चालवत असेल, तर १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. एक हात किंवा एक पाय गमावल्यास त्यातील निम्मी रक्कम देय असते. गाडीच्या पॉलिसीत 'मालक-चालक' या नावाने वेगळा हप्ता भरलेला आहे का, ते पाहा.

कर्मचारी राज्य विमा. पगारातून ईएसआयची कपात होत असेल आणि इजा कामाशी संबंधित असेल, तर अपंगत्व लाभ मिळतो. तिथे अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्या निर्णयावर अपिलाची वेगळी व्यवस्था आहे. या लेखातील पुढची माहिती मुख्यतः पहिल्या तीन प्रकारांसाठी आहे.

माझ्या रुग्णाचे पासबुक पाहिले तेव्हा मे महिन्याच्या शेवटी २० रुपये वजा झालेले दिसले. त्या योजनेचा दावा त्यांनी केलाच नव्हता.

नकाराचे पत्र कसे वाचावे?

पत्र इंग्रजीत असेल आणि समजत नसेल, तर ज्याला समजते त्याच्याकडून त्याच आठवड्यात वाचून घ्या. त्यात दोन गोष्टी शोधा: पॉलिसीतील कोणत्या कलमाचा आधार घेतला आहे आणि कोणत्या वैद्यकीय कागदाचा हवाला दिला आहे. आरोग्य व अपघात विम्याबाबत विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की दावा नाकारताना पॉलिसीतील नेमकी अट दाखवावी लागते आणि कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही. पत्रात नुसते 'पॉलिसीच्या अटींनुसार दावा देय नाही' एवढेच असेल, तर पहिले काम म्हणजे नेमके कलम लेखी मागणे. फोनवर मिळालेले उत्तर पुढे उपयोगी पडत नाही.

नेहमी दिसणारी कारणे आणि त्यांची उत्तरे अशी:

'अवयव गमावलेला नाही.' पॉलिसीच्या सुरुवातीला व्याख्यांचे पान असते, ते वाचा. अनेक पॉलिसींमध्ये अवयव गमावणे याचा अर्थ अवयव तुटून वेगळा होणे किंवा त्याचा संपूर्ण आणि कायमचा वापर जाणे, असा दिलेला असतो. माझ्या रुग्णाच्या पॉलिसीत अगदी असेच होते. नकाराच्या पत्रात व्याख्येचा पहिला अर्धा भाग घेतला होता आणि दुसरा गाळला होता.

'रुग्ण बरा झाला आहे.' याचा आधार बहुधा डिस्चार्ज कार्डावरील 'प्रकृती समाधानकारक' किंवा 'स्थिर' हे शब्द असतात. दवाखान्यातून घरी सोडताना हे शब्द आम्ही सर्रास लिहितो. त्यांचा अर्थ जिवाला धोका नाही, जखम ठीक आहे, घरी जायला हरकत नाही, इतकाच असतो. हात किंवा पाय पूर्ववत झाला असा नसतो. डॉक्टरांकडून हे स्पष्टीकरण लेखी घ्या.

'कळवण्यास उशीर झाला.' उशिराला खरे कारण असेल तर ते पुराव्यासह मांडा: रुग्ण आयसीयूत होता, दुसऱ्या शहरात शस्त्रक्रिया झाली, घरात पॉलिसीची माहिती असलेली व्यक्ती तीच होती. नियामक प्राधिकरणाने २०११ मध्येच कंपन्यांना सांगितले आहे की खरा दावा केवळ उशिराच्या कारणावरून नाकारू नये. सुरक्षा विमा योजनेतही अर्ज ३० दिवसांत अपेक्षित असतो. मुदत उलटली असेल तरी कारण लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या.

'अपघाताच्या वेळी मद्यप्राशन केले होते.' अपघात विभागाच्या नोंदीत कधीकधी 'दारूचा वास?' असे प्रश्नचिन्हासह लिहिलेले असते. प्रश्नचिन्ह म्हणजे शंका. रक्ततपासणी झाली होती का आणि तिचा निकाल काय आला, हे रुग्णालयातून मिळवा. तपासणी झालीच नसेल तर तसेही लेखी घ्या.

'अपंगत्व अपघातामुळे नसून आधीच्या आजारामुळे आहे.' मधुमेह, जुनी पाठदुखी, पूर्वीचा अर्धांगवायू असेल तर हे कारण हमखास येते. अपघाताच्या आदल्या महिन्यापर्यंत माणूस कामावर जात होता याचे पुरावे इथे लागतात: हजेरीपट, पगाराची नोंद, ट्रिपशीट, मालकाचे पत्र. त्याच्या जोडीला अपघातानंतरच्या पहिल्या तपासणीतील इजेची नोंद.

टक्केवारीचा घोळ

"माझ्याकडे सिव्हिल हॉस्पिटलचे ७० टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे, मग विम्याचे पैसे का मिळत नाहीत?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो.

शासकीय दिव्यांगत्व प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळते. सवलती, आरक्षण आणि योजनांसाठी त्यात ४० टक्क्यांची मर्यादा महत्त्वाची असते. विमा पॉलिसीला स्वतःचा वेगळा तक्ता असतो: मनगटापासून हात गेला तर विमा रकमेच्या इतके टक्के, अंगठा गेला तर इतके, एका कानाने ऐकू येणे बंद झाले तर इतके. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. प्रमाणपत्रावर ७० टक्के आहे म्हणून विम्याची ७० टक्के रक्कम मिळेलच असे नाही. उलट, प्रमाणपत्रावर आकडा कमी असूनही पॉलिसीच्या तक्त्यात तुमची इजा बसू शकते.

तरीही शासकीय प्रमाणपत्र जरूर काढा. वैद्यकीय मंडळाने स्वतंत्रपणे तपासून दिलेला तो कागद असतो आणि लोकपालांपुढे किंवा आयोगापुढे त्याला वजन असते. फक्त त्याच्या जोडीला पॉलिसीच्या भाषेत लिहिलेले डॉक्टरांचे पत्रही हवे.

'कायमचे' कधी म्हणायचे?

इथे वैद्यकशास्त्र आणि पॉलिसी यांचे घड्याळ जुळत नाही आणि त्यात रुग्ण भरडला जातो.

मज्जातंतू पुन्हा वाढतो तेव्हा तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. खांद्याजवळ इजा असेल तर बोटांपर्यंत पोहोचायला वर्षाहून जास्त काळ लागतो. म्हणून आम्ही डॉक्टर 'आता सुधारणा होणार नाही' असे लिहायला वेळ घेतो, आणि ते योग्यच आहे. पॉलिसीत मात्र अपंगत्व अपघातापासून ठरावीक काळात यायला हवे अशी अट असते. सरल सुरक्षा विमा या सगळ्या कंपन्यांच्या प्रमाणित अपघात पॉलिसीत हा काळ १२ महिन्यांचा आहे. गाडीच्या मालक-चालक संरक्षणात तो ६ महिन्यांचा आहे.

उपाय असा: डॉक्टर 'कायमचे' लिहीपर्यंत दावा थांबवून ठेवू नका. अपघाताची सूचना लगेच द्या. सहा महिने पूर्ण होण्याआधी आणि पुन्हा वर्ष पूर्ण होण्याआधी डॉक्टरांकडून त्या दिवशीची स्थिती लिहून घ्या: कोणती हालचाल होत नाही, संवेदना कुठे नाही, ही स्थिती अपघाताच्या दिवसापासून सलग आहे. पुढे दीड वर्षाने 'कायमचे' हा शब्द लिहिला गेला, तरी अपंगत्व मुदतीतच आले होते हे त्या जुन्या कागदावरून सिद्ध होते.

माझ्या रुग्णाने दहाव्या महिन्यात मोठ्या रुग्णालयात नसांची विद्युत तपासणी, म्हणजे ईएमजी, केली होती. तो अहवाल घरी गादीखाली होता. पुढे तोच सर्वांत उपयोगी ठरला.

डॉक्टरांकडून कोणते पत्र घ्यावे?

आम्ही डॉक्टर आजाराचे नाव लिहिण्यात तरबेज असतो. 'उजव्या ब्रेकियल प्लेक्ससची इजा, विश्रांतीचा सल्ला' असे लिहिले की आमच्या दृष्टीने काम झाले. दावा तपासणाऱ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना नकाराचे पत्र आणि पॉलिसीतील व्याख्येचे पान घेऊन जा. नुसते "चांगलं कडक सर्टिफिकेट द्या" म्हणू नका. "कंपनी असे म्हणते, यावर तुमचे वैद्यकीय मत लिहून द्या" असे सांगा. गर्दीच्या वेळी जाऊ नका, वेगळी वेळ मागा. असे पत्र लिहायला अर्धा तास लागतो.

मी त्या रुग्णासाठी दुसऱ्यांदा लिहिलेल्या पत्राचा गाभा असा होता:

'मी या रुग्णास अपघातानंतर नियमितपणे तपासत आहे. आज तपासले असता उजवा खांदा, कोपर, मनगट व बोटे यांची स्वतःहून कोणतीही हालचाल होत नाही. स्नायूंची ताकद ५ पैकी ० आहे. हाताला स्पर्श व टोचणी समजत नाही. दंडाचे व पंजाचे स्नायू वाळले आहेत. अपघातानंतर ३ आठवड्यांनी आणि १० महिन्यांनी केलेल्या ईएमजी तपासण्यांत मज्जातंतू पुन्हा जुळत असल्याची चिन्हे नाहीत. शस्त्रक्रिया व सलग फिजिओथेरपी करूनही फरक पडलेला नाही. रुग्ण उजव्या हाताने घास उचलू शकत नाही, शर्टाची गुंडी लावू शकत नाही, सही करू शकत नाही, वाहनाचे स्टिअरिंग धरू शकत नाही. माझ्या मते उजव्या हाताचा वापर संपूर्णपणे गेला असून तो परत येण्याची वाजवी शक्यता नाही. अपघातापूर्वी या हाताची कोणतीही तक्रार माझ्या नोंदीत नाही. मी यापूर्वी दिलेल्या दाखल्यातील "हलके काम" याचा अर्थ बसून, केवळ डाव्या हाताने करण्याचे काम असा होता; उजव्या हाताच्या क्षमतेबद्दल ते विधान नव्हते.'

शेवटचे वाक्य लिहिताना मला ओशाळल्यासारखे झाले. पण जुना दाखला फाडणे किंवा त्यावर मागची तारीख टाकून दुसरा देणे हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे. आधी अपुरे लिहिले असेल तर आजच्या तारखेला खरे आणि पूर्ण लिहिणे, एवढेच डॉक्टर करू शकतात. तुम्हीही त्यापेक्षा जास्त मागू नका. फाइलमध्ये एक जरी खोटा कागद सापडला, तर खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो.

पत्रात या पाच गोष्टी आल्या आहेत का, ते तपासा:

१. तपासणीत प्रत्यक्ष काय आढळले, शक्य तिथे आकड्यात.
२. कोणत्या चाचणीने ते सिद्ध होते, तारखेसह.
३. रोजची कोणती कामे आणि स्वतःच्या व्यवसायातील कोणती कामे करता येत नाहीत.
४. हे अपघातामुळेच झाले आणि त्याआधी नव्हते, याचा आधार.
५. सुधारणा होण्याची शक्यता किती, आणि तसे का वाटते.

फॅमिली डॉक्टरांच्या पत्राबरोबर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांचे आणि फिजिओथेरपिस्टचे पत्रही घ्या. कंपनीने आपल्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडे तपासणीला बोलावले तर जा. तिथे आहे तसेच सांगा. वाढवूनही नको आणि "तसं बरं चाललंय" असे संकोचाने झाकूनही नको. आपल्याकडे लोक दुसरेच जास्त करतात.

कागद कसे जमवायचे?

स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत त्या द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. अंतर्रुग्ण नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधनही आहे. त्यामुळे उशीर करू नका. फक्त डिस्चार्ज कार्ड नको, आतला पूर्ण केसपेपर मागा: दाखल करतानाची नोंद, शस्त्रक्रियेची नोंद, एमएलसीची प्रत, सर्व अहवाल.

विमा कंपनीकडून पॉलिसीची अटींसह पूर्ण प्रत आणि तपासनिसाच्या किंवा पॅनेल डॉक्टरांच्या अहवालाची प्रत मागा. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारातही अर्ज करता येतो.

एक वही करा. तारीख, कोणाशी बोलणे झाले, काय सांगितले, आवक क्रमांक. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या किंवा स्पीड पोस्टची पावती जपा.

दाद मागण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी: कंपनीचे तक्रार निवारण अधिकारी. प्रत्येक विमा कंपनीत हे पद असते. त्यांचा पत्ता आणि ईमेल पॉलिसीवर असतो. अर्ज एक-दोन पानांचा ठेवा: दावा क्रमांक, नाकारण्याचे कारण, त्याला तुमचे उत्तर, सोबतच्या कागदांची यादी. राग आणि विनवणी दोन्ही टाळा. दोन आठवड्यांत उत्तर देणे अपेक्षित असते.

त्याच वेळी नियामक प्राधिकरणाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावरही नोंदवता येते. प्राधिकरण दाव्याचा निवाडा करत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचते आणि तिची नोंद राहते.

दुसरी पायरी: विमा लोकपाल. कंपनीने पुन्हा नकार दिला, उत्तर समाधानकारक नसेल, किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तर इथे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तक्रार ऑनलाइनही करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. फी नाही. वकील लावता येत नाही, तशी गरजही नसते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा लोकपाल करू शकतात. आधी ही मर्यादा ३० लाख होती, २०२३ मध्ये वाढली. गटविम्यातील सदस्यांनाही ही वाट खुली आहे.

मुदत एक वर्षाची आहे. नियमानुसार ती तक्रारीवर कंपनीने दिलेल्या उत्तरापासून, किंवा उत्तर न आल्यास तो महिना संपल्यापासून मोजतात. पण सुरक्षित राहायचे असेल तर नकाराचे पहिले पत्र आले त्या दिवसापासूनच वर्ष मोजा.

आवश्यक कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत लोकपालांनी निवाडा द्यायचा असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. न पाळल्यास दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. निवाडा तुमच्या विरुद्ध गेला तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. मात्र तेच प्रकरण आधीच आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा.

तिसरी पायरी: जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. इथे वकील घेता येतो, सक्ती नाही. वेळ जास्त लागतो. पण गुंतागुंतीच्या प्रकरणात, किंवा लोकपालांच्या मर्यादेपेक्षा मोठ्या रकमेसाठी, हा मार्ग आहे.

"पैसे मिळाले की दहा टक्के द्या" म्हणत दारात येणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहा. वरच्या पहिल्या दोन पायऱ्यांना कोणताही खर्च नाही.

कंपनीचे बरोबर असते तेव्हा

प्रत्येक नकार चुकीचा नसतो. अपघात विम्यात आजारामुळे आलेले अपंगत्व बसत नाही. अर्धांगवायूमुळे तोल जाऊन पडलेल्या माणसाचा लुळा पडलेला हात अपघातात गेला असे म्हणता येणार नाही. पॉलिसीच्या तक्त्यात नसलेली इजा, हप्ता थकल्याने बंद पडलेली पॉलिसी, लायसन्स नसताना चालवलेली गाडी, अशा प्रकरणांत वर्षभर धावपळ करून हाती काही लागत नाही. अशा वेळी मी रुग्णाला स्पष्ट सांगतो आणि उरलेली ताकद दिव्यांगत्व प्रमाणपत्र, शासकीय योजना आणि नवीन काम शिकणे याकडे वळवायला सुचवतो. कोणत्या बाजूने जायचे हे ठरवण्यासाठीही पॉलिसीचे ते पान वाचावेच लागते.

घरच्यांसाठी दोन शब्द

कमावता हात गेला की माणूस आधी गप्प होतो. नकाराचे पत्र आले की 'तुला काही झालेलंच नाही' असे कुणीतरी लेखी दिल्यासारखे त्याला वाटते. माझा रुग्ण दहा महिने त्या पत्राबद्दल कुणाशी बोलला नव्हता. झोप उडणे, चिडचिड, जेवण कमी होणे, 'माझा आता काय उपयोग' असे बोलणे दिसले तर डॉक्टरांना सांगा. नसांच्या इजेत हात बधिर असूनही आग होते, करंट मारल्यासारखे दुखते. त्यावर वेगळी औषधे आहेत. सहन करत बसू नका. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी दाखवा आणि तोवर माणसाला एकटे सोडू नका.

उपचार आणि फिजिओथेरपी सोडू नका. पैशाअभावी दोन महिने खंड पडला, तर कागदावर तो 'त्रास नाही म्हणून आला नाही' असा वाचला जातो. खंड पडलाच तर पुढच्या भेटीत त्याचे कारण केसपेपरवर लिहायला सांगा.

कागदांचे काम घरातील एकाने अंगावर घ्यावे. आमच्या रुग्णाच्या घरी ते नववीतल्या मुलीने घेतले. पत्र तिने वाचले, तारखा तिने वहीत लिहिल्या. तक्रार निवारण अधिकाऱ्यांनी पुन्हा नकार दिला. मग प्रकरण लोकपालांकडे गेले. सुनावणीत त्यांनी व्याख्येचे पूर्ण वाक्य वाचायला लावले आणि रुग्णाला हात उचलून दाखवायला सांगितले. त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. निवाडा त्याच्या बाजूने लागला. सुरक्षा विमा योजनेचा अर्जही उशिराच्या कारणासह बँकेत दिला होता. तो काही महिन्यांनी मंजूर झाला.

हात परत आला नाही. पण कर्ज फिटले आणि गावात छोटे दुकान उभे राहिले.

तुमच्या घरी असे पत्र पडले असेल तर आज एवढेच करा: ते बाहेर काढा, त्यावरची तारीख पाहा, आणि पॉलिसीच्या व्याख्यांच्या पानासह तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.